पोलीस, परवाना आणि अग्निशमन : नगरसमितीची देखरेख कुठपर्यंत पोहोचते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्याने निवडून आलेल्या एका सदस्यांची नेमणूक शहराच्या सार्वजनिक सुरक्षा समितीवर झाली असून त्या समितीकडे पोलीस, व्यवसाय परवाने आणि अग्निशमन हे तिन्ही विषय आहेत. पोलीसप्रमुखाला समिती आदेश देऊ शकते का, परवान्याच्या सुनावणीत सदस्याने आपल्या मतदारांची बाजू मांडावी का, आणि अग्निशमन दलाच्या जाडजूड वार्षिक अहवालात नेमके काय वाचावे, असे त्यांनी विचारले आहे. अशा समित्यांच्या सचिवपदावर माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली अडचण अशी की विषयपत्रिकेवर हे तिन्ही विषय एकाखाली एक छापलेले असले, तरी समितीचा अधिकार तिन्ही ठिकाणी सारखा नसतो. पोलिसांच्या बाबतीत समितीला बहुधा विचारण्याचा आणि पैसा मंजूर करण्याचा अधिकार असतो, हुकूम देण्याचा नसतो. अग्निशमन दल पुष्कळ ठिकाणी शहराचेच असते, आणि तेथे अधिकार थेट असतो. मात्र आग कशी विझवावी हे समितीने सांगायचे नसते. परवान्याच्या बाबतीत तर समिती पुष्कळदा स्वतःच निर्णय देणारी असते, म्हणजे न्यायाधीशाच्या जवळपासची भूमिका बजावते. एकाच दुपारी, एकाच खुर्चीत बसून या तीन भूमिका बदलाव्या लागतात, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका भूमिका न बदलल्यामुळे झाल्या आहेत.

पोलिसांपासून सुरुवात करू. आदेश देता येतो का, या प्रश्नाच्या आधी पोलीस कोणाचे आहेत, हे पाहावे लागते. भारतात पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी जी बारावी अनुसूची जोडली, तिच्या 18 विषयांत अग्निशमन सेवा आहे, पोलीस नाहीत. जपानमध्ये 1947 च्या कायद्याने शहरांना आणि मोठ्या गावांना स्वतःचे पोलीस दिले गेले. 1954 मध्ये ती व्यवस्था मोडून पोलीस प्रांतांकडे गेले आणि अग्निशमन मात्र नगरपालिकांकडेच राहिले. लंडनचे मेट्रोपॉलिटन पोलीस दल 1829 पासून 2000 पर्यंत थेट गृहमंत्र्यांना जबाबदार होते. त्यानंतर एक पोलीस प्राधिकरण आले, आणि 2012 पासून ती जबाबदारी महापौरांच्या कार्यालयाकडे आहे. अमेरिकेत सामान्यतः शहराचे पोलीस शहराचेच असतात, पण तेथेही हा वाद कायमचा मिटलेला नाही.

त्या वादाचे टोक न्यूयॉर्कने 1857 मध्ये पाहिले. राज्याच्या विधिमंडळाने शहराचे दल मोडून, राज्याने नेमलेल्या मंडळाच्या हाताखाली मेट्रोपॉलिटन नावाचे नवे दल उभे केले, आणि महापौर फर्नांडो वुड यांनी आपले जुने म्युनिसिपल दल बरखास्त करायला नकार दिला. काही आठवडे एका शहरात दोन पोलीस दले फिरत होती. 16 जून रोजी महापौरांना अटक करायला आलेले एक दल आणि त्यांच्या रक्षणासाठी उभे असलेले दुसरे दल सिटी हॉलपाशी दंडुके घेऊन एकमेकांवर तुटून पडले. जुलैत न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा जुने दल मोडले. 1870 च्या नव्या सनदेने, म्हणजे शहराचा कारभार ठरवणाऱ्या मूळ कायद्याने, शहराला पोलीस परत मिळाले. ही जुनी गोष्ट आहे असे समजून सोडून देऊ नये. मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहराचे पोलीस यादवी युद्धाच्या सुरुवातीला, 1861 मध्ये, राज्याने आपल्या ताब्यात घेतले. 2012 च्या मतदानानंतर 2013 मध्ये ते शहराकडे आले, आणि 2025 मध्ये राज्याने पुन्हा कायदा करून ते राज्याच्या मंडळाखाली नेले. त्याच राज्यातल्या कॅन्सस सिटीत तर पोलीस मंडळाचे बहुतेक सदस्य राज्यपाल नेमतात आणि सर्वसाधारण महसुलाचा चौथा हिस्सा पोलिसांना देण्याचे बंधन मात्र शहरावर आहे. तुमची समिती अशा ठिकाणी असेल, तर अर्थसंकल्पावरची तुमची चर्चा बरीचशी शोभेची ठरते आणि देखरेखीसाठी माहितीचाच काय तो आधार उरतो.

पोलीस शहराचे असले तरीही समितीच्या हातात साधारण तीनच गोष्टी असतात : प्रमुखाची नेमणूक, पैसा आणि माहिती. अमुक माणसाला अटक करा, तमुक गुन्ह्याचा तपास थांबवा, असे सांगण्याचा अधिकार त्यांत नाही आणि नसावा. 1968 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी पोलीस आयुक्त हा फक्त कायद्याला उत्तरदायी असतो, असे जे म्हटले, त्याचा हवाला या संदर्भात नेहमी दिला जातो. हवाला देणारे सहसा दुसरी बाजू विसरतात. तो खटला लंडनच्या क्लबांमधल्या जुगाराविषयी होता, जुगारबंदीचा कायदा क्लबांना लावायचाच नाही अशा पोलिसांच्या अंतर्गत धोरणाला एका नागरिकाने आव्हान दिले होते, आणि संपूर्ण कायदाच बाजूला ठेवणारे धोरण असेल तर न्यायालय त्यात लक्ष घालू शकते, हेही त्याच निकालात आले. म्हणजे एका प्रकरणात काय करायचे हे पोलीस ठरवतील, पण एका प्रकारच्या सगळ्याच प्रकरणांत काय चालले आहे, हे विचारता येते. समितीने नेमके हेच विचारायचे असते.

याचा व्यवहारातला अर्थ प्रश्नाच्या शब्दांत दिसतो. ‘अमक्या दुकानात चोरी झाली, आरोपी अजून मोकळा कसा?’ असे सदस्याने विचारले की पोलीसप्रमुख ‘तपास चालू आहे’ असे म्हणून खाली बसतात, आणि ते बरोबरच असते. ‘गेल्या 12 महिन्यांत दुकानफोडीच्या किती तक्रारी आल्या, त्यांपैकी किती ठिकाणी 24 तासांच्या आत अधिकारी जाऊन आला, आणि किती प्रकरणे आरोपी न सापडल्याच्या शेऱ्यासह बंद झाली?’ असे विचारले तर आकडे आणावे लागतात. हा प्रश्न पंधरा दिवस आधी लेखी दिला पाहिजे, नाहीतर ‘माहिती सादर करतो’ या तीन शब्दांच्या उत्तरात एक सभा वाया जाते. अर्थसंकल्पात मी सदस्यांना नेहमी जादा कामाच्या भत्त्याचे शीर्ष दाखवत असे. मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांत मोठी तफावत दिसली, तर मनुष्यबळ कोठे अपुरे आहे, कोणत्या कार्यक्रमांना बंदोबस्त फुकट दिला जातो आणि जादा तासांवर सही कोण करतो, असे तीन प्रश्न त्या एका ओळीतून निघतात.

नेमणुकीच्या अधिकाराचे वजन कमी लेखू नये. लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांवर पाच नागरिकांचे मंडळ आहे. ते महापौर नेमतात आणि नगरपरिषद मंजूर करते. तरीही 1992 पर्यंत पोलीसप्रमुखाला सेवाशर्तींचे इतके संरक्षण होते की त्याला हलवणे जवळजवळ अशक्य होते. 1991 मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीनंतर चौकशी आयोग बसला आणि पुढच्या वर्षी सनद बदलून प्रमुखाची मुदत पाच वर्षे, फार तर आणखी एकदा पाच वर्षे, अशी झाली. लंडनच्या महापौरांना आयुक्ताला स्वतःच्या सहीने बडतर्फ करता येत नाही; पण फेब्रुवारी 2022 मध्ये सादिक खान यांनी आपला विश्वास उरला नसल्याचे कळवल्यावर आयुक्त क्रेसिडा डिक यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची स्वतंत्र मंडळे हा वेगळा विषय आहे. तुमच्या शहरात असे मंडळ असेल, तर त्याची शिफारस पोलीसप्रमुखाने न मानल्यास लेखी कारण द्यावे लागते की नाही, एवढे पाहून ठेवा.

आता परवाना, आणि येथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पोलीस आणि अग्निशमन यांचे धागे येथेच एकत्र येतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मद्याचे परवाने पूर्वी दंडाधिकारी देत. 2003 चा परवाना कायदा नोव्हेंबर 2005 पासून पूर्ण लागू झाला आणि ते काम स्थानिक परिषदांकडे आले. त्या कायद्यात चार उद्दिष्टे सांगितली आहेत : गुन्हे आणि बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणे आणि मुलांचे संरक्षण. पोलीस आणि अग्निशमन प्राधिकरण यांना अर्जावर अधिकृतपणे म्हणणे मांडता येते, सुनावणी सहसा तीन सदस्यांची उपसमिती घेते, आणि निर्णयावर दंडाधिकाऱ्यांकडे अपील होते. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, पण ही बांधणी समजून घेण्यासारखी आहे, कारण समितीचा निर्णय कोणत्या कसोट्यांवर टिकेल हे कायद्यातच आधी लिहून ठेवले आहे.

मतदारांची बाजू मांडावी का, याचे उत्तर त्यातच आहे. सुनावणीला बसणार असाल, तर मांडू नये. सभेच्या आदल्या दिवशी ‘तो बार मी होऊ देणार नाही’ असे जाहीर बोललेला सदस्य दुसऱ्या दिवशी निर्णय देणाऱ्यांत असला, तर अर्जदाराच्या वकिलाला अपिलात फारसे काही करावे लागत नाही. बाजू मांडायचीच असेल तर खुर्ची सोडून, हरकतदार म्हणून समोर बसावे. यात कमीपणा नाही. मी अनुभवी सदस्यांना ठरवून तसे करताना पाहिले आहे, आणि त्यांच्या हरकतीला उलट जास्त वजन आले.

परवान्यापेक्षा त्याच्या अटी महत्त्वाच्या असतात, आणि अट लिहिणे ही कारागिरी आहे. ‘परवानाधारकाने परिसरातील शांततेची काळजी घ्यावी’ ही अट तपासताच येत नाही. रात्री गेलेल्या निरीक्षकाने वहीत काय लिहायचे? ‘रात्री 11 नंतर रस्त्याकडील खिडक्या बंद असाव्यात’ ही तपासता येते. पण तपासता येण्याजोगी अटही घातक ठरू शकते, याचा एक प्रसंग माझ्या समोर घडला. एका सभागृहाच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या लोकांनी आवाजाची तक्रार केली होती, ती खरी होती, आणि समितीने सर्वांच्या संमतीने अट घातली की मागील दार रात्री 10 नंतर कुलूप लावून बंद ठेवावे. इतिवृत्त टंकायला गेले, तेव्हा अग्निशमन अधिकाऱ्यांनी नकाशा पुढे सरकवून त्या दाराभोवती पेन्सिलीने गोल काढला. इमारतीतला तो दुसरा आणि शेवटचा बाहेर पडायचा मार्ग होता. आम्ही एकमताने, कायदेशीरपणे आणि लेखी स्वरूपात सुटकेचे दार कुलूपबंद करायला निघालो होतो. अट बदलून ‘दार बंद असावे, मात्र आतून दांडा ढकलताच किल्लीशिवाय उघडले पाहिजे’ अशी झाली. त्या दिवसापासून अटींचा मसुदा अग्निशमनाची सही झाल्याशिवाय समितीपुढे आणायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

कुलूपबंद दाराची किंमत काय असते, हे सांगणारी उदाहरणे फार आहेत. 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्यात आग लागून 146 कामगार मेले; नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते आणि अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या आसपासच संपत होत्या. इमारतींच्या सुरक्षिततेची जबाबदारी तोवर अनेक खात्यांत विखुरलेली होती. त्याच वर्षी कायदा होऊन अग्निशमन खात्यात आग प्रतिबंधाचा स्वतंत्र विभाग निघाला. म्हणजे आग लागण्यापूर्वी आत जाऊन पाहण्याचा अधिकार आग विझवणाऱ्यांना मिळाला, आणि आजच्या ना-हरकत दाखल्यामागची कल्पना हीच आहे.

तरीही त्याच शहरात, त्याच तारखेला, 1990 मध्ये ब्राँक्समधील हॅपी लँड या क्लबमध्ये 87 माणसे गेली. आग लावलेली होती, हे खरे. परंतु हा क्लब नोव्हेंबर 1988 मध्येच बंद करण्याचा आदेश निघालेला होता. आपत्कालीन मार्ग, धोक्याची घंटा आणि पाण्याचे फवारे नसल्याची नोंद झाली होती. आदेश निघाला आणि क्लब चालूच राहिला. कागद पूर्ण होता, फक्त अग्निशमन खात्याने परत जाऊन पाहिल्याची नोंद नव्हती.

अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनस आयर्सचे 2004 चे उदाहरण तुमच्या तिन्ही विषयांना एकाच वेळी भिडणारे आहे. 30 डिसेंबरच्या रात्री क्रोमान्योन या सभागृहात प्रेक्षकांतून उडवलेल्या शोभेच्या दारूने छताने पेट घेतला आणि 194 जण मेले. परवाना 1,031 माणसांचा होता, आत त्याच्या दुपटीहून अधिक होती, आणि आपत्कालीन दार कुलूप लावून बंद केलेले होते. व्यवसायाचा परवाना शहराचा होता; आगीबाबतचा दाखला मात्र त्या काळी केंद्रीय पोलिसांचा भाग असलेले अग्निशमन दल देत असे, आणि त्याची मुदत महिनाभरापूर्वी संपली होती. म्हणजे परवाना एका कार्यालयात, दाखला दुसऱ्याच सरकारच्या कार्यालयात, आणि रस्त्यावरचा पोलीसही त्या दुसऱ्या सरकारचाच. पुढे लाच घेतल्याबद्दल एका पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा झाली. शहराचे प्रमुख अनिबाल इबारा यांना मार्च 2006 मध्ये महाभियोगाने पद सोडावे लागले. दाखला त्यांच्या खात्याचा नव्हता, पोलीस त्यांचे नव्हते, पण तपासणीची यंत्रणा त्यांची होती. ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ असा शेरा नस्तीवर मारताना ही घटना आठवावी.

अग्निशमनाच्या अहवालाकडे येऊ. पहिल्या पानावर बहुधा सरासरी प्रतिसादवेळ मोठ्या अक्षरांत छापलेली असते. लंडनच्या दलाचे ठळक उद्दिष्ट पहिली गाडी सरासरी 6 मिनिटांत आणि दुसरी सरासरी 8 मिनिटांत पोहोचावी, असे आहे. सोबत टक्केवारीचे मापदंडही आहेत, आणि ते का लागतात हे एका छोट्या हिशेबाने कळेल. दहा आगींपैकी आठ ठिकाणी गाडी 4 मिनिटांत पोहोचली आणि दोन ठिकाणी 13 मिनिटांत, तर सरासरी 5.8 मिनिटे येते. उद्दिष्ट साधले असे अहवाल म्हणेल, आणि ज्या वस्तीत 13 मिनिटे लागतात ती त्या आकड्यात दिसणारही नाही. अमेरिकेतील पूर्णवेळ दलांसाठी वापरले जाणारे मानक म्हणूनच 90 टक्के प्रसंगांत पहिली गाडी 240 सेकंदांच्या प्रवासात पोहोचावी, अशा भाषेत बोलते. यातला ‘प्रवासात’ हा शब्द सोडू नका. फोन उचलून पत्ता समजून घेणे आणि जवानांनी कपडे चढवून गाडी बाहेर काढणे यांचा वेळ त्यात धरलेला नसतो, त्यासाठी त्या मानकात वेगळी मर्यादा आहे. तुमच्या अहवालातले घड्याळ कोणत्या क्षणापासून चालू होते, हे पहिल्याच सभेत विचारा, आणि तेच आकडे केंद्रनिहाय मागा.

तपासण्यांच्या आकड्यांबाबत मी जास्त संशयी आहे. वर्षाला अमुक हजार तपासण्या, असे लिहिले की सभागृहात समाधानाची कुजबुज होते. परंतु निरीक्षकाला संख्येचे उद्दिष्ट दिले की तो सोप्या जागा आधी उरकतो, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. एका तळघरातल्या गजबजलेल्या सभागृहात जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सहा छोट्या कचेऱ्या होतात. शिवाय तपासण्या कार्यालयीन वेळेत होतात. सकाळी अकराला त्या सभागृहात टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या असतात, दारे साफसफाईसाठी सताड उघडी असतात, आणि सगळे नियमात असते. हॅपी लँडला आग लागली ती पहाटे साडेतीनच्या सुमारास.

म्हणून पहिल्या सभेसाठी मी एकच तक्ता मागवायला सांगेन. गेल्या दोन वर्षांत ज्या ज्या जागांना बंद करण्याचा, दुरुस्तीचा किंवा गर्दी कमी करण्याचा आदेश दिला गेला, त्या सर्वांची यादी. आदेश परवाना विभागाचा असो, अग्निशमनाचा असो की पोलिसांच्या अहवालावरून निघालेला असो, एकाच कागदावर. रकाने चार : पत्ता, आदेशाची तारीख, पूर्ततेची मुदत, आणि परत जाऊन पाहिल्याची तारीख. तीन विभागांकडे तीन वेगळ्या नोंदवह्या आहेत आणि त्या जुळवायला वेळ लागेल, असे तुम्हाला सांगितले जाईल. वेळ द्या, पण तारीख ठरवून द्या. तक्ता आल्यावर चौथा रकाना जेथे कोरा असेल त्या पत्त्यांपैकी तीन निवडून, तिन्ही विभागांच्या माणसांना घेऊन रात्री, गर्दीच्या वेळी, संयुक्त तपासणी ठेवण्याची सूचना करा. तुम्ही स्वतः जाणार असाल तर प्रमुखांना कळवून जा, दाराशी कोणाशी वाद घालू नका, आणि त्या जागेचे प्रकरण पुढे सुनावणीला आले तर त्या दिवशी निर्णयाच्या खुर्चीवर बसू नका. आत गेल्यावर मागचे दार कोठे आहे ते विचारून घ्या आणि निरीक्षकाला ते तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा.